नव्व्याण्णव टक्के पाणी

यादी लागली त्या रविवारी पाटकऱ्याच्या सुनेनं ती तीनदा वाचली. पाणी संस्थेच्या ऑफिसबाहेर, काचेच्या चौकटीत लावलेली, टाइप केलेली यादी. नऊ शेतं, नऊ ओळी. सगळ्यात वर अध्यक्षांचे अडतीस एकर, त्यापुढं तीस टक्के. सगळ्यात खाली तिच्या घरचा अर्धा एकर, त्यापुढं शून्य. शून्याच्या आधीमागं एखादा आकडा काचेवरच्या धुळीत हरवला असेल, असं वाटून तिनं बोट ओलं करून काच पुसली. शून्य आणखी स्वच्छ दिसायला लागलं.

घरी सासरा अंगणात बसून फावड्याचा दांडा काचेच्या तुकड्यानं तासत होता. तीस वर्षं तो तलावाच्या कालव्यावर पाटकरी होता. कुणाच्या शेताला पाणी कधी सोडायचं, कधी तोडायचं, हे त्याच्या हातात. गाव त्याला तात्या म्हणायचं आणि पाळीच्या दिवशी जरा जास्तच गोड आवाजात म्हणायचं.

"मामंजी, आपल्या नावापुढं शून्य आहे," सून म्हणाली.

"टायपिंगची चूक असेल."

"कारकुनाला विचारलं मी. तो म्हणाला, चूक नाही, हिशेबानं आलंय."

म्हाताऱ्याचा हात थांबला. त्यानं दांडा उलटा केला, सुलटा केला, पुन्हा तासायला लागला. सुनेला सासऱ्याचं हे मुकं होणं ओळखीचं होतं. मुलगा शहरात जाऊन तिकडचाच झाला, तेव्हाही तो असाच काहीतरी तासत बसला होता.

वाट्यांचं गणित समजल्याशिवाय ह्या शून्याचं दुखणं कळायचं नाही. म्हाताऱ्याकडं बुडाला बारीक भोक असलेली एक तांब्याची वाटी होती. बादलीभर पाण्यावर ती सोडली की हळूहळू भरत भरत वीस मिनिटांनी बुडायची. एकरामागं चार वाट्या पाणी, हा जुना हिशेब. सगळं मिळून सव्वाशे एकर, म्हणजे आठवड्याला पाचशे वाट्या. आठवड्यातली उरलेली थोडी मिनिटं दारं बदलण्यात, म्हणजे पाणी एका शेतातून दुसऱ्याकडं वळवण्यात जायची. अध्यक्षांना एकशे बावन्न वाट्या, पाटकऱ्याला नोकरीपोटी मिळालेल्या अर्ध्या एकराला दोन. त्या दोन वाट्या त्यानं कधी तीन होऊ दिल्या नाहीत. गावातल्या लोकांना ह्याचं कौतुक होतं आणि थोडं हसूही होतं.

यंदा तलाव तळाला गेला. वरून हुकूम आला, यंत्राचा दरवाजा बसवा, पाणी टक्क्यांनी वाटा. दरवाजा बसवायला पंधरा दिवस लागले आणि ते पंधरा दिवस कालवा बंद राहिला. वाटी ऑफिसच्या कपाटात गेली. नव्या दरवाज्याला एक चकती होती. तीसवर लावली की तीस टक्के पाणी सुटायचं आणि दरवाजा आपोआप पडायचा. पाचशे वाट्यांचे शंभर टक्के, म्हणजे पाच वाट्यांचा एक टक्का. चकतीवर खाचा होत्या त्या पूर्ण टक्क्यांच्या. मध्ये काही नाही.

"त्यानं मला विचारलं होतं," म्हातारा शेवटी म्हणाला.

"कुणी?"

"कारकुनानं. म्हणाला, तात्या, पॉइंटातले आकडे ठेवू की पूर्ण करू? मी म्हटलं, पूर्ण कर बाबा. ते पॉइंटाचं झेंगट माझ्या गळ्यात नको. अर्ध्याच्या आत असेल ते सोड, वर असेल ते पुढं ढकल. कुणाचं वाटीभर इकडंतिकडं होईल, त्यानं कोणी मरत नाही." तो दांड्यावर फुंकर मारत म्हणाला, "मी मोठ्यांचा विचार केला. दीडशे वाट्यावाल्याला दोन वाट्या म्हणजे काय? आपल्या दोनच आहेत, हे डोक्यातच आलं नाही."

आतून सासू बोलली. तिचे गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. "दुसऱ्यांची मापं काढता काढता घरचं माप विसरले. आता बसा फुंकर मारत."

सुनेनं यादी कागदावर उतरवून आणली होती. चुलीपुढं बसून तिनं आकडे एकाखाली एक मांडले. तीस, वीस, चौदा, अकरा, नऊ, सात, पाच, तीन, शून्य. बेरीज केली. खालून वर पुन्हा केली. नव्व्याण्णव.

"मामंजी, एक टक्का उरतोय."

म्हातारा उठून आत आला. त्याला टक्के उलगडेनात, म्हणून त्यानं सगळं वाट्यांत मोडलं. अध्यक्षांच्या दोन वाट्या गेल्या. दुसऱ्या मोठ्याच्या दोन. चौदा एकरवाल्याची एक, चार एकरवाल्याची एक. आपल्या दोन. आठ वाट्या गेल्या. अकरा एकरवाल्याच्या चव्वेचाळीस होत्या, त्याच्या पंचेचाळीस झाल्या. आणखी दोघांना अशीच एकेक वाटी वाढली. गेल्या आठ, वाढल्या तीन. पाच वाट्या कुणाच्याच नावावर नाहीत.

"दर आठवड्याला शंभर मिनिटं," सून म्हणाली. "आणि आपल्याला हवीत चाळीस."

तिच्या आवाजात एवढा जीव आला होता की म्हातारीनं आतून विचारलं, "काय झालं? मुलाचं पत्र आलं का?"

*

मिरची फुलावर होती. चाळीस सऱ्या, सरीला शंभर रोपं. वाफ्यातली रोपं सुनेनं घरच्या मोरीचं पाणी घालून वाढवली होती, एकेक हातानं लावली होती. वर्षाचं मीठमिरचीपासून म्हातारीच्या गोळ्यांपर्यंतचं सगळं ह्या अर्ध्या एकरातून निघायचं. कालवा बंद होता त्या पंधरा दिवसांत पानं आत वळायला लागली होती, तळहात मिटावा तशी.

सोमवारपासून ती रस्त्यावरच्या हातपंपावरून पाणी आणायला लागली. पंपाला दहा हिसके दिले की अर्धा हंडा, तोही गढूळ. कमरेवर एक, हातात एक. शेतापर्यंत जायला पाव तास. प्रत्येक रोपाला एक पेला, बुंध्याशी, हळू. पेलाभर पाणी पडलं की माती सू करून ओढून घ्यायची आणि पुन्हा होती तशी दिसायची. ऊन डोक्यावर येईपर्यंत दोन सऱ्या व्हायच्या. हंड्याच्या काठानं कमरेवर साल गेलं होतं. तिनं तिथं फडक्याची घडी खोचली. संध्याकाळी आणखी एक सरी. ह्या हिशेबानं चाळिसाव्या सरीला पोचेपर्यंत पहिली दोन आठवडे कोरडी राहणार होती. हे तिला कळत होतं, पण हात रिकामे ठेवून बघत बसणं त्याहून जड होतं.

त्याच सोमवारी, पहिल्या दोन सऱ्या उरकून, ती ऑफिसला गेली होती. पाय गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेले. कारकून तरुण होता, वाईट नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली. ती बसली नाही, खुर्ची घाण होईल म्हणून.

"यादीची बेरीज नव्व्याण्णव येते," ती म्हणाली.

"येते कधीकधी. पूर्णांक केले की असं होतं, वहिनी. कधी नव्व्याण्णव येते, कधी एकशे एक. त्यात चूक कुणाची नसते."

"चूक नसू दे. पण तो एक टक्का कुठं जातो?"

"जात कुठं नाही. तो नसतोच. कागदावरची गोष्ट आहे."

"कागदावर नसेल. रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी शेवटच्याचं पाणी संपणार. पुढची पाळी बाराला. मधे शंभर मिनिटं दरवाजा बंद. ते पाणी तर तलावात आहे ना?"

कारकुनानं पेन कानामागं लावलं, काढलं, पुन्हा लावलं. हे त्यानंही पाहिलं नव्हतं. "आहे खरं," तो म्हणाला. "गुरुवारी मीटिंग आहे. तिथं मांडा. मी काही आडवा येणार नाही."

*

गुरुवारी पत्र्याच्या शेडखाली सगळे जमले. पंख्याखालच्या खुर्च्या मोठ्या खातेदारांच्या. सासरा भिंतीला टेकून उभा, सून त्याच्या मागं. तिच्या अंगावर धुतलेले कपडे होते, पण नखांतली माती निघाली नव्हती.

तिनं वाट्यांत सांगितलं, म्हणजे सगळ्यांना कळेल. कुणाच्या किती गेल्या, कुणाला किती वाढल्या. ज्यांना वाढल्या ते तिघं आपापल्या पायांच्या अंगठ्याकडं बघायला लागले. ज्यांच्या गेल्या होत्या त्यांना तोवर पत्ताच नव्हता.

"म्हणजे आमच्या दोन वाट्या गेल्या?" दुसरा मोठा खातेदार ताठ होऊन म्हणाला. "वीस पूर्णांक चार होते आमचे? मग तो उरलेला टक्का आमचा."

"तसं म्हटलं तर अध्यक्षांच्याही दोन गेल्या," त्यांच्या बाजूचा कुणी म्हणाला.

"आणि माझी एक," चौदा एकरवाला म्हणाला. तो पाटकऱ्याचा बांधाला बांध लागलेला शेजारी. सून त्याच्याकडं बघत होती, पण त्यानं मान तिकडं वळवली नाही. "पंधरा दिवस सगळ्यांचीच पिकं वाळलीत. एकट्या मिरचीचं दुःख नाही हे."

"तुमच्या छपन्नातली एक गेली, दादा," सून म्हणाली. "आमच्या दोनातल्या दोन."

कुणीतरी हसलं. हसण्यासारखंच होतं ते.

अध्यक्षांनी हात वर केला. अध्यक्ष आरडाओरडा करणारे नव्हते, त्यांच्यापुढं हरलेल्याला ओरडायलाही कारण सापडत नसे. "सूनबाई, तुमचं खरं आहे. देऊ या तुम्हाला. पण चकतीवर सगळ्यात लहान खाच एकाची. म्हणजे तुम्हाला पाच वाट्या जाणार. हक्क दोनाचा, पाणी पाचाचं. बाकीच्या तीन कुणाच्या? ह्याच लोकांच्या. ह्यांच्या वाट्या काढून तुम्हाला दिल्या, असं होईल की नाही?"

"दोन झाल्या की हातानं बंद करू."

"मग यंत्र कशाला बसवलं?" अध्यक्ष भिंतीकडं वळले. "तात्या, तुम्हीच सांगा. तीस वर्षांत कुणाला हक्कापेक्षा एक वाटी जास्त दिलीत?"

म्हातारा भिंतीपासून सुटा झाला. सुनेला वाटलं, आता तरी हा माणूस खोटं बोलेल. एकदाच बोलेल. आयुष्यभराचा साठा आहे त्याच्याकडं.

"नाही," म्हातारा म्हणाला. "कुणाला नाही."

"झालं तर."

कारकुनाची अडचण वेगळी होती. वरच्या ऑफिसला यादी जाणार, बेरीज शंभर नसली तर परत येणार, आणि परत आली तर दरवाजा पुन्हा बंद. हे ऐकल्यावर पंख्याखाली चुळबुळ झाली. अर्धा तास प्रत्येकानं तो टक्का आपल्याकडं ओढून बघितला. एकाला द्यावा तर चौघं चिडणार. चौघांत वाटावा तर खाच नाही. शेवटी कारकुनानंच तोडगा काढला. यादीत दहावी ओळ घालायची, "गळती", आणि पुढं एक. बेरीज शंभर.

सगळ्यांनी हात वर केले. आपल्याला मिळालं नाही तरी दुसऱ्यालाही मिळालं नाही, म्हणून सगळ्यांचे चेहरे सैल झाले होते. चहा आला. सुनेला कुणीतरी कप दिला, तो तिनं तसाच खिडकीत ठेवला.

घरी जाताना ती सासऱ्याच्या चार पावलं पुढं चालत होती. तिला त्याचा राग आला होता, आणि राग करायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

"खोटं बोललो असतो तर पटलं असतं का कुणाला?" म्हातारा मागून म्हणाला.

"मला पटलं असतं," ती म्हणाली.

*

रविवारपर्यंत फुलं गळाली. पेल्यापेल्यानं भिजवलेल्या सऱ्यांतली रोपं तेवढी उभी होती, बाकीची मान टाकून. शेंडे अजून हिरवे होते. एक पाणी बसलं असतं तर निम्मी परतली असती, हे शेतावर हात ठेवणाऱ्या कुणालाही कळलं असतं.

सकाळी ती फावडं घेऊन थेट दरवाज्यावर गेली. साडेदहा वाजत आले होते. चार एकरवाल्याचं पाणी संपून दरवाजा पडला होता आणि म्हातारा कट्ट्यावर बसला होता. यंत्र बिघडलं तर फिरवायला म्हणून बाजूला एक लोखंडी चाक ठेवलं होतं. आता ते चाक सांभाळणं एवढंच त्याचं काम उरलं होतं.

"मामंजी."

"माहीत आहे कशाला आलीस."

"मी काही मागत नाही. आपलं आहे तेवढंच. सगळे सकाळची कामं आवरून घरी गेलेत. बाराच्या आत कुणी फिरकत नाही."

म्हाताऱ्यानं दरवाज्याकडं पाहिलं. मागं तलावाचं पाणी होतं, थोडंसं, शेवाळलेलं, पण होतं. त्यानं इकडंतिकडं बघितलं नाही. लपून करायचं काम त्याला येतच नव्हतं. तो उठला, चाकाला दोन्ही हात घातले. चाक नवीन होतं, जड फिरत होतं. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. सुनेनं हात लावला तशी त्यानं मान हलवली. "तू पुढं जा. पाट बघ."

ती धावली. यादी मोठ्यापासून लहानाकडं लावली होती, त्यामुळं खालच्या अंगाला चौदा एकरवाल्याची पाळी शुक्रवारीच संपली होती. पाट दोन दिवसांचा कोरडा. पाण्याचं तोंड वाळलेली पानं, काटक्या, फेस ढकलत चाललं होतं, रांगत्या पोरासारखं. ती पुढं जाऊन ढेकळं काढत होती, उंदरांची बिळं टाचेनं बुजवत होती. चौदा एकरवाल्याच्या दारापर्यंत पाणी बरं आलं. तिथून पुढचा पाव मैल एकट्या त्यांच्याच शेताचा पाट. तीन आठवडे त्यात थेंब पडला नव्हता. भेगांत बोट जात होतं. पूर्वी दर आठवड्याला तो भिजलेला असायचा, शेजाऱ्याच्या मागोमाग पाणी वळायचं, म्हणून दोन वाट्या पुरायच्या. आता पाणी भेगांत उतरत होतं आणि जागच्या जागी बुडबुडे काढत होतं. ती गुडघ्यावर बसून हातानं चिखल करून भेगा लिंपायला लागली. चल रे, चल, असं काहीतरी ती बोलत होती. पाणी हातभर सरकलं की ती हातभर सरकत होती.

पाणी शेताच्या तोंडाशी आलं तेव्हा तिनं पहिल्या सरीचं दार फोडलं. ओली माती दिसली, आणि तिला रडू आलं. पहिली सरी भरली. दुसरी भरली. तिसरीच्या टोकाला पाणी पोचलं आणि पाटातला आवाज बारीक झाला. ती उठून बघायला लागली. मागून पाणी येत नव्हतं. पाटात होतं तेवढं निथळलं, तिसरी सरी कशीबशी संपली आणि चौथीच्या तोंडाशी नुसता चिखल राहिला.

ती तशीच, फावडं ओढत, दरवाज्यावर परत आली. दरवाजा बंद होता. म्हातारा कट्ट्यावर बसला होता, तळहातांना फोड आले होते.

"कुणी आलं होतं का?"

"नाही."

"मग बंद का केलं?"

"दोन वाट्या झाल्या. अकरा वाजून दहाला चाळीस मिनिटं भरली." त्यानं मान वर केली. "किती सऱ्या झाल्या?"

"तीन."

तीस वर्षं त्यानं दरवाज्यावरचं पाणी मोजलं होतं. शेतात पोचतं किती, हे मोजायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

"अजून जवळजवळ तास होता, मामंजी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तीन वाट्या होत्या अजून. ह्या आठवड्यात त्या कुणाच्याच नव्हत्या. कागदावर गळती लिहिलंय त्यांना."

"कागदावर गळती लिहिलंय. त्या लोकांच्या आहेत. दोन अध्यक्षांच्या, दोन त्या दुसऱ्याच्या, एकेक..." त्यानं बोटं मोजली आणि मध्येच थांबला, कारण ह्या सहा वाट्या उरलेल्या तीनात बसत नव्हत्या. त्यानं पुन्हा पहिल्यापासून धरलं. पुन्हा बसेनात. "कुणाच्या का असेनात," तो म्हणाला, "आपल्या नव्हेत."

ती त्याच्याकडं बघत राहिली. त्याला हलवावं, त्याच्यावर ओरडावं, असं तिला वाटलं. पण त्याच्या तळहातावरचा एक फोड फुटून पाणी आलं होतं. ती त्याच्याजवळ कट्ट्यावर बसली. दोघंही बंद दरवाज्याकडं तोंड करून बसले. तिच्या अंगावरचा चिखल उन्हानं ताणायला लागला.

बाराला पाच कमी असताना अध्यक्षांचा मुकादम मोटारसायकलवरून आला. त्यानं चकती तीसवर लावली आणि सुनेच्या हातातल्या फावड्याकडं बघितलं. "दारं धरणारी बाई आज आली नाही. येतेस का? संध्याकाळपर्यंत. दिवसाचा रोज देऊ."

बारा वाजले, दरवाजा आपोआप उचलला गेला आणि पाणी अध्यक्षांच्या पाटात वळलं. भरून, आवाज करत. म्हातारा आपसूक उभा राहिला. पाणी सुटलं की तो कधीच बसून राहत नसे. त्यानं पाटाकडं पाहिलं, मग सुनेकडं, आणि त्याच्या नेहमीच्या, पाळीच्या आवाजात म्हणाला, "जा लवकर. तिकडं दार फोडायला कुणी नाही. पाणी वाया जाईल."

ती उठली आणि फावडं खांद्यावर टाकून गेली.